धुक्याच्या मागावरची कुसुंभा

एका राज्यात धुक्याचे कापड विणत. डोंगरावरून धुके उतरे, बायका ते चातीवर कातत, आणि राजा चंद्रसेनाच्या विणशाळेत त्याचे शेले होत. तिथे दूरच्या बेटावरून कुसुंभा नावाची विणकरीण कामाला आली.

विणशाळेचे अंगण पाखरांनी भरलेले होते. ती माणसासारखी बोलत, पण एवढेच म्हणत, "होईल, महाराज." शेजारच्या मागावरच्या सारजाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले की ही बहुतेक सारी परदेशातून आलेली, शापाने पाखरे झालेली विणकर मंडळी. राणी आजारी असता राजवैद्य अखेरपर्यंत "बऱ्या होतील" म्हणत राहिला. राजा निर्धास्तपणे शिकारीला गेला आणि परतला तेव्हा चिता विझली होती. दुःखाच्या भरात त्याने मांत्रिकाकरवी साऱ्या राज्यावर शाप घातला. न होणाऱ्या कामाला जो होईल म्हणेल, त्याला पीस फुटेल आणि पिसागणिक एक आठवण गळेल. तिसऱ्या पिसाला माणूस पाखरू होईल आणि मायदेशाची वाट विसरेल. सर्वांत आधी पाखरू झाला तो राजवैद्यच. राजाच्या मनाने स्वतः एक नकार मान्य केला तरच हा शाप उतरणार होता.

"होत नसेल तर तोंडावर नाही म्हणावे, बाई," सारजाबाई म्हणाल्या. "भीड भिकेची बहीण."

सांगणाऱ्याचे काय जाते? कुसुंभेच्या बेटावर धन्याला नाही म्हणणे म्हणजे त्याच्याकडे पाठ करून बसणे. इथे तर साऱ्यांचा नन्नाचा पाढा. मुकादम धूम्राक्षाने काम सांगावे, विणकराने "होणार नाही" म्हणावे, मुकादमाने मान डोलवून पुढच्या मागाकडे जावे. राग नाही की रुसवा नाही. काय ही फटकळ माणसे, असे कुसुंभेला वाटे.

मुकादमाने तिला पहिले काम विचारले. "भर दुपारी शेला विणशील?" दुपारी धुके विरते हे ती जाणत होती. तरी जीभ म्हणाली, "होईल." शेला हातातच विरला, मनगटावर निळे पीस उगवले, आणि गावच्या नदीचे नाव गेले.

दुसरे काम वादळातले धुके कातायचे. या वेळी तिने नकार मनात घोकून ठेवला होता. पण मुकादम पिकल्या केसांचा, तिच्या वडिलांच्या वयाचा. पुन्हा "होईल". धागा तुटला, खांद्यावर दुसरे पीस आले. आई होती एवढे आठवे, कशी होती ते आठवेना. कुसुंभा मागावर डोके टेकून रडली.

"मी हुकूम देत नाही, विचारतो," मुकादम कळवळून म्हणाला. "तू खरे सांगशील, तर मला पुढचे ठरवता येईल."

तिसरे काम घेऊन राजा स्वतः आला. "राणीचा श्वास या धुक्यात मिसळला आहे. तो वेचून मला माझी राणी विणून दे." हेच तो सर्वांना विचारी. इथले लोक "होणार नाही" म्हणून एक घाव दोन तुकडे करत आणि मागाकडे वळत. राजा संतापून निघून जाई. परदेशी "होईल" म्हणत, आणि अंगणात एक पाखरू वाढे.

कुसुंभेने पाहिले, राजाच्या शेल्याची गाठ उलटी बसली होती. नीट बांधून देणारे माणूसच उरले नव्हते. तिच्या ओठांवर "होईल" आले, ते भीतीने नव्हे, दयेने. तिने ओठ मिटले. मग ती उठली, जमिनीवर कांबळे अंथरून बसली आणि राजाला शेजारी बसायला सांगितले. तिच्या बेटावर वाईट बातमी उभ्याने सांगत नसत. मुकादमाचे डोळे कपाळाला गेले. राजा मात्र बसला.

"नाही, महाराज," ती म्हणाली. "त्या परत येणार नाहीत. हे कोणालाच होणार नाही."

राजा संतापला. तिला हद्दपार करण्याची भाषा झाली. पण कुसुंभा जागची उठली नाही. बऱ्याच वेळाने राजाचा आवाज खाली आला. "शेवटी तिला फार सोसावे लागले का?"

"मला ठाऊक नाही, महाराज."

तेव्हा सारजाबाईंचा माग थांबला. त्या आल्या आणि कांबळ्यावर दुसऱ्या बाजूला टेकल्या. "मी उशाशी होते, महाराज. झोपेतच गेल्या. इतक्या वर्षांत आपण विचारले नाही, मीही बसून सांगितले नाही."

"गेली ती," राजा म्हणाला.

अंगणात पिसांचा सडा पडला. पाखरांची माणसे झाली आणि आपापल्या भाषेत आपल्या गावांची नावे घेऊ लागली. कुसुंभेला आईचा चेहरा दिसला, नाकावरच्या तिळासकट.

संध्याकाळी राजाने नदीकाठी राणीच्या नावाने पाणी सोडले. आजवर त्याला कोणी रडू दिले नव्हते. त्या दिवशी तो पोटभर रडला, आणि सारे राज्य काठावर त्याच्याजवळ बसून राहिले.