गळकं मडकं

फार फार वर्षांपूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक म्हातारा कुंभार राहत होता. मडकं घ्यायचं तर आधी बोटानं वाजवून पाहायचं, अशी तिथली रीत होती. त्याची मडकी खणखणीत वाजत. ‘माझ्या हातचं मडकं गळायचं नाही,’ हे तो इतक्या वेळा सांगे, की त्याच्या गाढवालाही ते पाठ झालं असावं.

एका उन्हाळ्यात नदी आटून नुसती डबकी उरली. ते पाणी पिऊन दरवर्षीसारखी गावातली पोरं पोटानं आजारी पडली. कुंभाराची लाडकी नातही अंथरुणाला खिळली. काळजीनं सुनेचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मातीत एक टोपलं भाताचा कोंडा मिसळायचा, तिथं तिनं चार टोपली घातली. भट्टीत कोंडा जळून गेला आणि मडक्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं राहिली. मडकी बद्द वाजली, पाणी भरताच ठिबकू लागली.

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. कुणी पाहण्याआधी सगळी फोडून टाकावीत म्हणून त्यानं काठी उचलली.

“मामंजी, जरा थांबा,” सून म्हणाली. “आत गढूळ पाणी ओतलंय. खाली काय पडतंय ते बघा.”

खाली नितळ थेंब पडत होते. सुनेनं मडक्याखाली स्वच्छ घागर ठेवली आणि नातीला तेवढंच पाणी पाजलं. आठवड्याभरात पोर कोंबड्यांमागे धावू लागली.

आता म्हाताऱ्यापुढं पेच पडला. मडकी बाजारात न्यावीत, तर जन्मभराचं नाव मातीला मिळणार. लपवावीत, तर शेजारची पोरं तळमळत राहणार. त्यानं नातीकडं पाहिलं आणि मडकी गाढवावर लादली.

“माझी मडकी गळतात,” त्यानं भर बाजारात सांगितलं. “गळतात म्हणूनच घ्या. माझी नात हेच पाणी पिऊन उठली.”

लोक हसले. म्हातारा चळला, असंही म्हणाले. आजारी लेकरांच्या आया मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मुकाट्यानं मडकी उचलली.

पुढच्या उन्हाळ्यात गावातलं एकही पोर पोट धरून निजलं नाही. कुंभाराच्या दारात तेवढी एक बाई मडकं घेऊन भांडायला आली.

“हे गळतच नाही,” ती म्हणाली. “बदलून द्या.”

म्हातारा पोट धरधरून हसला आणि तिला चांगलं गळणारं मडकं निवडून दिलं.

तात्पर्य: आपलं नाव राखण्याआधी दुसऱ्याचा जीव राखावा, नाव मग लोकच राखतात.