थोरल्या मेस्त्रींचा काठ

“...मग आता तरी माका माझी खूण कोरूंक देतलात काय, तात्यानू?”

दिगू धापा टाकत विचारत होता. दोन्ही काखांत एकेक वाडगा, फणसाच्या लाकडाचा. घरापासून धावत आला होता पठ्ठ्या.

तात्या मेस्त्री म्हणजे सावंतवाडीतले जुने कातारी. लेथवर लाकूड गरगर फिरवून त्यातून भोवरा, वाटी, हवं ते काढणारे. त्यांच्याकडची रीत अशी, की शिष्याने केलेल्या वाडग्यात तात्यांनी स्वतः पेज खायची, आणि मगच शिष्याने बुडाला आपली खूण कोरायची. तोवर सगळा माल तात्यांच्या खुणेने जायचा. दिगूचा हात तर असा बसला होता, की गिऱ्हाईक येऊन त्याचंच काम मागायचं. हे त्यालाही ठाऊक होतं, हीच खरी पंचाईत.

“दाखय.”

दिगूने दोन्ही वाडगे फळीवर ठेवले.

एक थोरल्या मेस्त्रींचा, म्हणजे तात्यांच्या गुरूंचा; नमुन्यासाठी दिगूने घरी नेलेला. सत्तर वर्षांपूर्वी, रंगीबेरंगी खेळण्यांच्या या गावात, त्यांनी हा वाडगा काढला होता. नक्षी नाही, रंग नाही, पसरट अंग आणि पातळ काठ. मुंबईची माणसं त्याला ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’, म्हणजे गेल्या शतकाच्या मध्यातली साधी-सुटसुटीत शैली, म्हणत आणि उलटासुलटा करून फोटो काढत. पण खरी मेख होती त्या काठात. तो किंचित लांबट होता आणि एका बाजूला हलकेच उचललेला. लेथवर फिरेल ते गोलच होणार, मग हा लांबट झालाच कसा? साऱ्या गल्लीने डोकं खाजवलं होतं.

दुसरा वाडगा दिगूचा. हुबेहूब तसाच.

तात्यांनी दोन्ही काठांवरून अंगठा फिरवला.

“ह्यो काठ कसो साधलंस?”

दिगू याच प्रश्नाची वाट बघत होता. “कानशीन! आधी गोल कातलंय, मगे घासलंय. पावसाळोभर घासलंय, तात्यानू! बोटांची सालां गेली. पण थोरल्या मेस्त्रींचा गुपित माका गवसला!”

आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता.



तात्यांचे खांदे हलू लागले. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

“अरे, मेस्त्रींनी तो गोलच केल्यानी. मी थंय होतंय, पोरगो. लाकूड ओला होता.”

“मगे?”

“मगे वाळला.”

खेळण्यांसाठी दिगू आजवर वाळलेलंच लाकूड कातत आला होता. ओल्याशी, वाळताना आपोआप वाकणाऱ्या लाकडाशी, त्याची कधी गाठच पडली नव्हती. पावसाळाभर त्याने जे घासून काढलं, ते मेस्त्रींनी केलंच नव्हतं... त्याचं तोंड एवढंसं झालं. आता कसली पेज आणि कसली खूण!

तात्या उठले. मागच्या दारी नुकताच तोडून टाकलेला फणस होता. त्यातला एक ठोकळा त्यांनी आणून दिगूच्या हातात दिला. जड, थंड आणि चिकाने माखलेला.

मग कनवटीची छोटी पटाशी काढून त्यावर ठेवली. खूण कोरायची पटाशी.

“वाडगो कात. तुझी खूण ओल्यातच कोर.”

“पेज खाल्ल्याशिवाय?”

तात्यांनी मान डोलावली.

दिगूला हसावं की रडावं कळेना. तो धावतच लेथशी गेला, ठोकळा लावला, आणि लगेच मागे वळला. सवय कुठे जाते!

“तात्यानू, ह्यो वाळल्यार खंयच्या बाजून वाकतलो? किती वाकतलो? आधीच सांगा, तेवढा धरून कातूया!”

तात्यांनी आपल्या दुपारच्या पेजेचं भांडं पुढे ओढलं.

“तू गोल कर, झिला. वाकडा होवचा ता लाकडाचा काम.”