वळवळीची पानाची गोधडी

होती एक टेकडी. खाणीतून उपसलेल्या मातीची. माणसांनी तिच्यावर झाडं लावली. एका करंजाखाली राहायची वळवळी. वळवळी म्हणजे एक चिमुकलं गांडूळ.

वळवळी पानाची गोधडी पांघरून झोपली. जागी झाली, तर गोधडी गायब! अंगावर ऊन, चटचट चटचट!

"अगं बाई! अशानं मी वाळून जाईन!"

निघाली वळवळी, सुळुक सुळुक.

"झाडा, झाडा, पान दे!"

"माती खाऊ देईना. मी नाही पान देणार, जा!"

सुळुक सुळुक. वळवळी मातीकडे गेली.

"झाड पान देईना, मला गोधडी मिळेना. माती, माती, खाऊ दे!"

"बुरशी खाऊ शिजवेना. मी नाही खाऊ देणार, जा!"

सुळुक सुळुक. वळवळी पांढऱ्या बुरशीकडे गेली.

"माती खाऊ देईना, झाड पान देईना, मला गोधडी मिळेना. बुरशी, बुरशी, खाऊ शिजव!"

"टोपली पाचोळा सांडेना. मग शिजवू काय, माझं डोकं? जा!"

सुळुक सुळुक. वळवळी टोपलीकडे गेली. टोपली पाचोळ्यानं टम्म भरलेली!

"बुरशी खाऊ शिजवेना, माती खाऊ देईना, झाड पान देईना, मला गोधडी मिळेना. टोपली, टोपली, पाचोळा सांड!"

"काका मला उलटेनात. मी नाही सांडणार, जा!"

उरकुडाकाका म्हणजे झाडांचे राखणदार. रोज झाडांखाली अंगणासारखं झाडायचे, खर्रर खर्रर! एक पान ठेवायचे नाहीत.

सुळुक सुळुक. वळवळी काकांकडे गेली. काका करंजाखालीच बसले होते.

"टोपली पाचोळा सांडेना, बुरशी खाऊ शिजवेना, माती खाऊ देईना, झाड पान देईना, मला गोधडी मिळेना. काका, काका, टोपली उलटा!"

काका हसले. "काऊन वं? कशाले उलटू? पाचोळा म्हणजे कचरा! चाळीस वर्षं झाडतो मी. आता बोटभर तू मले शिकवशील?"

वळवळी तडकली. "चाळीस वर्षं चुकीचंच झाडलंत! वर बघा!"

काकांनी वर पाहिलं. फांदीवर पानं चारच. टकलावर ऊन, चटचट चटचट!

"अरे! सावली कुठं गेली?"

"तुमच्या टोपलीत!"

काकांनी टोपलीकडे पाहिलं. मग उठले. टोपली उचलली. भस्सकन उलटी केली!

टोपलीनं पाचोळा सांडला. वळवळी आत घुसली. आहा, गारेगार!

बुरशीनं खाऊ शिजवला, रटरट रटरट.

मातीनं खाऊ दिला.

झाडानं खाल्ला, मटामटा मटामटा. मग झाडाला पानंच पानं फुटली, सळसळ सळसळ!

एक पान सुटलं. डुलत डुलत आलं. वळवळीच्या अंगावर बसलं. नवी कोरी गोधडी!

काका सावलीत आडवे झाले. एक पान त्यांच्या टकलावर पडलं, टप्प! काकांनी हात उचलला.

"काका!" वळवळी ओरडली.

"नाही झाडत, माय. राहू दे," काका म्हणाले.

आणि पान डोक्यावर ठेवून घोरू लागले. घुर्रर... घुर्रर...