पाच माणसांची रेघ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राजा कोण होता ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. गाव मात्र लहानसं होतं, शंभरेक उंबऱ्यांचं. गावाच्या वरच्या अंगाला एक पाणथळ होती. तिथे चिखल, लव्हाळी, पाणकोंबड्या आणि डास. गावातल्या साऱ्या विहिरींना पाणी तिथूनच मुरून यायचं. पण मुरणारं पाणी कुणाला दिसतंय? लोक आपले डासांना शिव्या घालायचे.

पाणथळीच्या कडेला गोजराआक्का राहायची. लव्हाळ्याच्या चटया विणून पोट भरायची. नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. बोलायला घरात माणूस नाही, म्हणून बिचारी पाणकोंबड्यांशी बोलायची. गाव तिची टर उडवायचं.

एके दिवशी दवंडी पिटली. पाणथळ मातीनं बुजवून तिथे नवा बाजार बसवायचा, असं कारभाऱ्यांनी ठरवलं होतं. ज्याची हरकत असेल त्यानं पंचमीला सकाळी चावडीवर यावं.

आता त्या गावची रीत ऐका. चावडीपुढे चुन्याची रेघ ओढायची. हरकत असेल त्यानं रेघ ओलांडून पलीकडे उभं राहायचं. ऊन डोक्यावर येईपर्यंत पाच माणसं पलीकडे उभी राहिली, की काम थांबलंच. मग कारभारी असो नाहीतर खुद्द राजा. पण पाचाला एक जरी कमी पडलं, तर हरकत नाही असं समजायचं.

गोजराआक्कानं चटई अर्धी टाकली आणि दारोदार निघाली. पहिलं घर खंडप्पा तांबटाचं. तो घागर ठोकत बसला होता.

"खंडप्पा, पाणथळ बुजली तर विहिरी आटतील रे. पंचमीला येशील ना?"

"खरं आहे आक्का तुझं. पण आणखी कोण कोण आहे?"

कोण असणार? कुणीच नव्हतं. पण आपण एकट्या आहोत, हे बोलायची आक्काला लाज वाटली. आयुष्यभर तेच तर सोसलं होतं, ते चारचौघांत कशाला सांगायचं?

"सगळे आहेत की!" ती म्हणाली.

"मग झालं तर! मीही आहेच समज."

दुसऱ्या दारी तेच, तिसऱ्या दारी तेच. पाय सुजेपर्यंत ती फिरली. कुणी नाही म्हटलं नाही. चिंगूमावशी तेलिणीनं तर पाठीवर हात फिरवून गूळपाणी दिलं. त्या संध्याकाळी आक्का घरी आली ती हसतच. कितीतरी वर्षांनी तिला एकटं वाटलं नाही.

पंचमी उजाडली. रेघ ओढली गेली. आक्का धुतलेलं लुगडं नेसून आली आणि रेघेपलीकडे जाऊन उभी राहिली.

घटका गेली, दोन घटका गेल्या. रस्त्याकडे बघून बघून तिचे डोळे दुखले. कुणी आलं, की ती पुढे सरसावायची, आणि तो माणूस रामराम करून बाजाराकडे निघून जायचा.

"आक्का, सावलीत तरी बसा," कारभारी म्हणाले. माणूस वाईट नव्हता हो.

"बसले तर उभी नव्हते म्हणाल," आक्का म्हणाली.

ऊन डोक्यावर आलं. कारभाऱ्यांनी मोजलं. मोजायचं काय होतं त्यात! एक. शिपायानं झाडू घेऊन रेघ पुसली, तरी आक्का तिथेच उभी होती.

मग ती तडक खंडप्पाकडे गेली. "का नाही आलास रे?"

खंडप्पा चकितच झाला. "म्हणजे? कुणीच आलं नाही? अगं, तूच म्हणालीस ना, सगळे आहेत म्हणून! हातात घागर होती. म्हटलं, एवढ्या गर्दीत मी एक नसलो तर काय बिघडतंय?"

चिंगूमावशीही तेच म्हणाली. सगळं गाव तेच म्हणालं. आक्का घरी येऊन उंबऱ्यावर बसली आणि ढसाढसा रडली. लोकांवर रागवावं, तर त्यांना घरी बसवलं होतं तिच्याच शब्दानं.

पाणथळ बुजली. पाणकोंबड्या उडून गेल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, आणि बाया दोन कोस पाण्यासाठी चालू लागल्या. आक्का आता शिंदीच्या पानांच्या चटया विणायची आणि दिवसचे दिवस तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही.

मग पुन्हा दवंडी आली. टेकडीवरची राई तोडून बाजाराला छपरं घालायची होती.

आक्का उठली. या वेळी ती चारच दारी गेली. खंडप्पानं घागर ठोकता ठोकता विचारलं, "कोण कोण आहे?"

"कुणी नाही," आक्का म्हणाली. आवाज कापला, पण तिनं मान खाली घातली नाही. "मी एकटी आहे, खंडप्पा. तू आलास तर दोघं होऊ. नाही आलास तर एकटीच उभी राहीन."

खंडप्पाची हातोडी हातातच राहिली. आक्का उत्तरासाठी थांबली नाही.

ठरल्या दिवशी रेघ ओढून होते न होते, तोच खंडप्पा करवादत आला. "काय बाई आहेस! कामात जीव लागू देत नाहीस." आणि तिच्या शेजारी उभा राहिला. मागोमाग कुंभार आला, न्हावी आला. ऊन डोक्यावर चढत होतं, कारभारी मोजायला उठले होते, तेवढ्यात चिंगूमावशी धापा टाकत पोचली आणि लुगड्याचा ओचा सावरत रेघेपलीकडे गेली.

राई वाचली. पाणथळ काही परत आली नाही.

म्हणून सांगतो, पोरांनो आणि थोरांनो: "सगळे आहेत" हे ऐकून माणूस घरी बसतो, "तुझ्यावाचून अडलंय" हे ऐकून तो उठतो.