वाऱ्याचा शिल्पकार आणि त्याची आई

फार जुन्या काळची, समुद्रापलीकडच्या देशातली ही गोष्ट. संगमरवराच्या डोंगराखाली एक गाव होतं. तिथल्या एका विधवेचा मुलगा सुरेख चित्रं काढायचा. खाणीवरून परतणारी माणसं, द्राक्षांचे मळे, पण सगळ्यांत जास्त आपली आई. पीठ मळताना, उन्हात केस वाळवताना. आई म्हणायची, "मला काय एवढं बघतोस? जग बघ की."

मुलगा मोठा झाला आणि जग बघायला राजधानीत गेला. जाताना सगळी चित्रं गुंडाळून बरोबर नेली.

तिथं त्याला चार तरुण चित्रकार भेटले. ते म्हणाले, "धावत्या घोड्याला चारच पाय का काढायचे? धावताना ते वीस दिसतात." त्याला ते मनापासून पटलं. त्यानं वीस पायांचा घोडा रंगवला. मग छिन्नी उचलली आणि दगडातून चक्क वारा घडवला. लोक आधी हसले, मग थांबून बघू लागले.

वसंतोत्सवाच्या दिवशी त्या चौघांनी भर चौकात आग पेटवली. "जुनं जळल्याशिवाय नवं उगवत नाही," असं म्हणून ज्यानं त्यानं आपली जुनी चित्रं आगीत टाकली. याचा हात क्षणभर अडखळला.

"घाबरलास?" एकानं विचारलं.

त्यानं गुंडाळी आगीत फेकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढं त्याचं मोठं नाव झालं. राजानं त्याला दरबारात मान दिला, त्याची शिल्पं दूरदूरच्या नगरांत उभी राहिली. आई निरोप धाडायची, "एकदा येऊन जा." तो कळवायचा, "पुढच्या उन्हाळ्यात नक्की." एका हिवाळ्यात ती गेली. त्याला कळेपर्यंत तिला माती देऊनही झाली होती.

केस पांढरे झाल्यावर एका सकाळी तो आईचा चेहरा काढायला बसला. नाक काढलं, पुसलं. डोळे काढले, ते दुसऱ्याच कुणाचे झाले. ज्या हातांनी वारा पकडला होता, त्यांना आई सापडेना.

दुसऱ्याच दिवशी तो गावी गेला. शेजारची म्हातारी तेवढी ओळखीची उरली होती.

"मावशी, माझी आई कशी दिसायची?"

म्हातारी हळूच म्हणाली, "हसताना तोंडावर हात धरायची. शेवटी शेवटी पाठीत वाकली होती. पण रोज दुपारी गावाबाहेरच्या त्या वळणापर्यंत जायची, डोळ्यांवर हात धरून रस्ता बघत उभी राहायची."

हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तो गावातच राहिला. उन्हाळाभर खपून त्यानं एक मूर्ती घडवली. वाकलेली पाठ, कपाळाशी धरलेला हात. त्या हाताखाली नुसता गुळगुळीत दगड.

म्हातारीनं मूर्तीवरून हात फिरवला. "तीच आहे रे. पण चेहरा?"

"तो मी जाळला, मावशी."

मूर्ती त्या वळणावर उभी केली. पुढं लांबलांबून तरुण कलावंत त्याच्याकडे शिकायला यायचे. तो प्रत्येकाला सांगायचा, "आधी घरी जा. आईला समोर बसवून एक चित्र काढ आणि ते जपून ठेव. मग ये, काय मोडायचं ते आपण मिळून मोडू."

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, नवी वाट जरूर काढावी, पण तिच्या उजेडासाठी आपलंच घर पेटवू नये.