तिरकी शिवण

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका पेठेत सगुणा नावाची एक बाई राहत होती. तिची आई बारा वर्षं अंथरुणाला खिळून होती. त्या बारा वर्षांत सगुणेनं आईला भरवलं, कूस बदलून दिली, पाठीला तेल लावलं. आई घरात एकटी असे, म्हणून सगुणा पाणी भरून घाईघाईनं परत येई. पाणवठ्यावर कुणाशी दोन शब्द बोलायलाही ती थांबत नसे.

कार्तिकात आई गेली. सुरुवातीला शेजारच्या बायका येऊन बसल्या, पिठलं-भात देऊन गेल्या. तेराव्यानंतर ज्याची त्याची कामं सुरू झाली. घरात सगुणा तेवढी उरली.

डब्यातलं पीठ तळाला गेलं, तेव्हा ती काम शोधायला बाहेर पडली. हलवायानं विचारलं, "याआधी कुठं काम केलंयस?"

"कुठंच नाही."

"मग उकळत्या कढईपाशी कशी उभी करू तुला?"

कासारानं विचारलं, "बांगड्या भरता येतात का?"

"कधी भरल्या नाहीत."

कासार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बाजारातल्या गलक्यानं सगुणा बावरून गेली होती. इतकी माणसं एकदम बघायची तिची सवयच मोडली होती. भिंतीच्या कडेकडेनं ती घरी आली आणि तिनं दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात पेठेतल्या एका कापडवाल्या शेटजींचा गुमास्ता गल्लीत आला. तो दारोदार सांगत होता, "घरबसल्या काम आहे! अनुभव नको, ओळख नको. दोन हात असले की झालं!"

सगुणेनं दार किलकिलं केलं. काम खरंच सोपं होतं. तान्ह्या बाळांच्या कुंच्या शिवून यायच्या, त्यांना गोंडे लावायचे. गठडं सोमवारी यायचं, शनिवारी जायचं.

"एकच नियम," गुमास्ता म्हणाला. "कुंची कोण कापतं, कोण शिवतं, याची चौकशी करायची नाही. आपलं काम भलं, आपण भलं."

सगुणेला हायसं वाटलं. आता कुणाच्या दारात उभं राहायला नको, कुणाला उत्तरं द्यायला नकोत. ती खिडकीपाशी बसून गोंडे लावू लागली. लाल, हिरवे, पिवळे. कधी एखाद्या कुंचीत हाताची मूठ घालून ती बघत बसे. या कुंचीतलं बाळ कसं दिसत असेल, कुणाच्या मांडीवर खेळत असेल, असं काहीबाही तिच्या मनात येई. मग ती मूठ काढून घेई आणि पुढची कुंची उचली.

असे तीन-चार महिने गेले. एका शनिवारी गुमास्त्यानं विचारलं, "बाई, गोंडे पुरले का?" सगुणेनं तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. ती खाकरली, पुन्हा खाकरली, तेव्हा कुठं खरखरीत "हो" बाहेर पडला. गुमास्ता गेल्यावर ती दाराला पाठ लावून उभी राहिली. मागच्या शनिवारपासून आपण एक शब्दही बोललो नव्हतो, हे तिच्या ध्यानात आलं.

थोड्या दिवसांनी कुंच्यांची शिवण बिघडू लागली. आधी टाके मोहरीसारखे बारीक असत, एका रेषेत असत. आता ते वर सरकू लागले. एखादी कुंची मधेच उघडी राही. एकदा तर दोन्ही कडा एकमेकींना न भिडताच शिवलेल्या होत्या.

गुमास्त्यालाही कुणकुण लागली होती. तो म्हणाला, "बाई, खराब शिवण दिसली की बाजूला काढून मला दाखवा. ती शिवणारी बेफिकीर झालीय. तिला काढतो आणि शिवणकाम तुम्हाला देतो. त्याचे पैसे दुप्पट आहेत."

तो गेल्यावर सगुणेनं खराब कुंच्या वेगळ्या काढल्या. तब्बल सात निघाल्या. तिच्या लुगड्याला दोन ठिकाणी ठिगळं होती आणि दुप्पट पैशांत काय काय येईल, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं एक कुंची उजेडात धरली. टाके उजवीकडे तिरके चढत गेले होते, आणि प्रत्येक टाक्याशेजारी सुईची दोन-तीन रिकामी भोकं होती.

सगुणा ती भोकं बघतच राहिली. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा आईची शिवण अशीच झाली होती. आई तीन वेळा सुई टोचायची, तेव्हा एक टाका बसायचा. बेफिकीर माणूस एवढे कष्ट कशाला घेईल?

तिनं सातही कुंच्या उसवल्या आणि पुन्हा शिवल्या. त्या आठवड्यात तिचे गोंडे कमी झाले, मजुरीही कमी आली. पुढच्या सोमवारी बारा कुंच्या खराब निघाल्या. तेव्हा तिला कळलं, की गुपचूप दुरुस्त करून हे निभणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं एक खराब कुंची पदराखाली घेतली आणि ती बाहेर पडली. खिडकीतून गुमास्ता ज्या दारी गठडं टाकताना दिसे, ते दार तिनं आधी ठोठावलं.

"तुमच्याकडे कुंच्या शिवतात का हो?"

"नाही बाई, मी कापते फक्त," आतली बाई म्हणाली. तिच्या भोवती कापडाचे तुकडे पडले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. "कोण शिवतं ते मला ठाऊक नाही. तुम्ही टेकता का जरा? चहा टाकते."

"पुन्हा येईन," सगुणा म्हणाली, आणि आपण असं म्हणालो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढच्या गल्लीत एक बाई कुंच्यांच्या नाड्या वळत बसली होती. तीही एकटीच. अशी दारं ठोठावत सगुणा रंगाऱ्यांच्या आळीत शेवटच्या घरापाशी पोचली. ओसरीवर एक म्हातारी बसली होती. एका हातात सुई, एका हातात दोरा. दोरा पुन्हा पुन्हा सुईच्या शेजारून निसटत होता.

"मावशी, ही कुंची तुम्ही शिवलीत का?"

म्हातारीचे हात थांबले. "शेटजींनी पाठवलं तुला? मला चांगलं दिसतं म्हणावं. अगदी चांगलं दिसतं."

"मला कुणी पाठवलं नाही. मी गोंडे लावते." सगुणा ओसरीच्या कडेला बसली. "सुई कोण ओवून देतं तुम्हाला?"

म्हातारीनं सुई मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाली, "कोण देणार? सकाळपासून बसते ओवत. दुपारी कधीतरी जातो दोरा. मग शिवते."

सगुणेनं सुई घेतली, ओवली, तिच्या हातात दिली. मग दुसरी ओवली, तिसरी ओवली. म्हातारीचं नाव चिमाबाई होतं. त्या रडल्या नाहीत. सगुणेचा हात मात्र त्यांनी बराच वेळ धरून ठेवला.

शनिवारी गुमास्ता आला, तेव्हा सगुणेनं सगळं खरं सांगितलं.

तो चिडला. "नियम मोडलात! आता दोघींचंही काम गेलं म्हणून समजा."

"मोडला खरा," सगुणा म्हणाली. "पण दादा, आधी माझ्याबरोबर चला. मग काय ते ठरवा."

ती त्याला चिमाबाईंच्या ओसरीवर घेऊन गेली. चिमाबाईंनी डोळे मिटून बोटांवर लोकर गुंडाळली, मधे आवळली, चाचपून टोकं कापली. गोंडा तयार झाला. गुमास्त्यानं तो उलटापालटा करून पाहिला. खोट काढायला जागा नव्हती.

सगुणा म्हणाली, "गोंडे बांधायचं काम यांना द्या. शिवणकाम आणि गोंडे लावणं मी करीन, पण इथंच बसून करीन. त्यांची सुई मी हाती घेतेय, पण त्यांना कामावरून उठवून नाही."

गुमास्त्यानं गोंडा खिशात टाकला. "शेटजींना विचारतो," एवढंच म्हणाला आणि गेला.

रविवार दोघींना फार मोठा गेला. सोमवारी रंगाऱ्यांच्या आळीत, एकाच दारात, दोन गठडी येऊन पडली.

चिमाबाईंची नजर पुढं अगदीच गेली. पण पावलांवरून त्या सगुणेला लांबूनच ओळखत. एके दिवशी सगुणेला यायला उशीर झाला. ती ओसरीवर चढते न चढते तोच चिमाबाई कडाडल्या, "कुठं होतीस गं इतका वेळ? भाकरी गार झाली ना!"

सगुणा खाली बसली आणि तिनं गार भाकरीचा तुकडा मोडला. कुणीतरी आपली वाट पाहत न जेवता बसलं होतं, हे तिला त्या घासाबरोबर कळत गेलं.

तात्पर्य: घरबसल्या काम मिळालं तर जरूर करावं, पण आपल्या कामाच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, ते एकदा उठून पाहून यावं.