ओंजळीतले पाणी, कपाळावरची रेघ

पूर्वी, कृतयुगाचा अस्त होऊन त्रेतायुगाची पहाट उगवत होती, देव मनुष्यांच्या यज्ञांना स्वतः येऊन बसत आणि दैत्य निमंत्रणावाचूनच येत, त्या काळी शुभ्रोदा नदीच्या तीरी वेत्रवन नावाचे गणराज्य होते. तेथे राजा नव्हता. दर सहा वर्षांनी इच्छुक पुरुष सभामंडपात उभा राही, नदीचे जल ओंजळीत घेई, सर्वांसमक्ष संकल्प उच्चारी आणि मग ते जल भूमीवर सोडी. प्रजा तो संकल्प मनात तोलून त्याच्या कुंभात वेताची शलाका टाकी. ज्याच्या कुंभात शलाका अधिक, तो गणनायक.

परंतु शब्द दिला म्हणजे तो पाळलाच पाहिजे, असे या नायकांना कोणी शिकवले नव्हते. प्रातःकाळी देवांचा जयघोष करून निवडून आलेला नायक सायंकाळी दैत्यांच्या पंगतीला मांडी घालून बसलेला दिसे, आणि विचारले तर वर म्हणे, "मांडी तीच आहे, पाट तेवढा बदलला!" प्रजा चरफडत राही.

अखेर सर्व नगरजन वैतसायन ऋषींच्या आश्रमात गेले. त्या तपोवनात होमधूमाने वेतांची बने निळसर झाली होती, आणि बगळे माशांशेजारी ध्यानस्थ उभे राहून खरोखरच ध्यान करीत. प्रजेचा अग्रणी होता ऋजुकेतू नावाचा तरुण, स्वभावाने सरळ आणि बोलण्यात धारदार.

"महर्षे," तो म्हणाला, "जो संकल्प मोडील, त्याच्या कपाळी काळी रेघ उमटो, हा वर आम्हांस द्यावा!"

ऋषी म्हणाले, "वत्सा, शब्द मोडला हे कळेल. तो का मोडला, हेही कळावे असा वर मागशील का? दोन्ही देण्याइतके तप माझ्यापाशी आज आहे. एकदा वर दिला की ते उरणार नाही."

"कारणे चोरापाशीही असतात, भगवन्! आम्हांस कारणे नकोत, रेघ हवी."

प्रजेने जयजयकार केला. ऋषींनी खिन्न मनाने कमंडलूतील जल शिंपडले आणि "तथास्तु" म्हटले.

काही वर्षांनी ऋजुकेतू स्वतः सभामंडपात उभा राहिला. घट्ट मिटलेल्या ओंजळीत जल धरून तो गर्जला, "पूर्वजांनी बांधलेला शुभ्रोदेचा बंध माझ्या हयातीत कोणी फोडणार नाही!" बंधाखाली भातशेती होती, बंधावर साऱ्यांचे पोट होते. शलाकांनी त्याचा कुंभ ओसंडला.

चौथ्या वर्षी पर्जन्य असा कोपला, की सात दिवस सूर्य दिसला नाही. बंधामागे तुंबलेले पाणी वरच्या वस्तीत शिरले, छपरांवर बायका-मुले चढली. भर दुपारी ऋजुकेतू बंधावर उभा असता साक्षात शुभ्रोदा देवी त्याच्यासमोर प्रकट झाली. तिचे केस मोकळे होते.

"गणनायका, माझा ओघ आता माझ्याच हाती नाही. बंध फोड, नाहीतर ती लेकरे मी बुडवीन."

"माते, मी संकल्प केला आहे!"

"संकल्प तुझा आहे. लेकरे प्रजेची आहेत."

ऋजुकेतूने छपरांकडे पाहिले. कपाळाचे काय होणार हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? वर त्यानेच मागितला होता. त्याने पहार उचलली आणि पहिला घाव स्वतः घातला. पाणी सुटले, खालची उभी भाते वाहून गेली, वरची वस्ती वाचली. दगड ढासळले त्याच क्षणी कपाळावर तापल्या सळईसारखे काहीतरी फिरले. त्याने हात लावून पाहिलाही नाही.

दोन वर्षांनी निवडीचा दिवस आला. "माझे काम अपुरे आहे," ऋजुकेतू हात जोडून म्हणाला. "आणखी दोन उन्हाळे द्या, बंध पूर्वीहून भक्कम उभा करीन. फोडला मी, बांधूही द्या मलाच!"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" गर्दीतून कोणी ओरडले. "कपाळ बघा त्याचे!"

मग कुंजरक उठला. हा गोड वाणीचा, गुबगुबीत हातांचा गृहस्थ होता. त्याने ओंजळीत जल घेतले आणि बोलू लागला: बंधाविषयी, भाताविषयी, देवांविषयी, दैत्यांविषयीही. बोटे त्याने किंचित सैल ठेवली होती. "मी बंध बांधीन" या शब्दांपर्यंत तो आला, तेव्हा ओंजळ कोरडी झाली होती; जलावाचून उच्चारलेला शब्द संकल्प होत नाही, आणि रेघ केवळ संकल्पाला बांधलेली होती. ऋजुकेतूला ते दिसले. तो ओरडून सांगू लागला, पण रेघवाल्याचे कोण ऐकणार?

शलाका टाकायला वरच्या वस्तीतील वृद्धा सुमेधा आली. पुरात तिची तीन नातवंडे छपरावर होती. ती ऋजुकेतूच्या कुंभापाशी थांबली आणि रडू लागली.

"बाळा, तुझ्यामुळे माझ्या घरात दिवा आहे. रोज तुझे नाव घेते. पण तुझ्या कपाळाकडे पाहिले की हात पुढे होत नाही रे!"

आणि तिने शलाका कुंजरकाच्या कुंभात टाकली. ऋजुकेतूला तिचा राग येईना. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते, हे त्याला पुरते कळले, आणि त्या कळण्याने तो मोडला.

तो वैतसायनांकडे गेला. "भगवन्, राहिलेला अर्धा वर आता द्या!"

ऋषींनी त्याला जवळ बसवले. "तप संपले, वत्सा. आणि असते तरी, ज्यांनी मागायचा ते तृप्त आहेत."

बंध पुन्हा बांधला गेला नाही. कुंजरकाचे कपाळ अखेरपर्यंत चंदनासारखे स्वच्छ राहिले. तेव्हापासून गणनायक व्हायला निघालेले सारे बोटे सैल ठेवून दीर्घ भाषणे करतात, असे म्हणतात. प्रजा मात्र पुढे वाकून, डोळे बारीक करून, त्यांची कपाळे पाहत असते.